हीटिंग किती ठेवायचं?

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनमध्ये घड्याळं एक तास मागे जातात आणि पुढच्या आठवडाभरात इथल्या मराठी घरांमधून एकच प्रश्न फिरायला लागतो: हीटिंग लावायचं का, आणि लावलं तर किती ठेवायचं? निफाडची थंडी पाहिलेल्या माणसालाही हा प्रश्न नवा असतो. महाराष्ट्रात थंडी पडली की आपण उन्हात जाऊन बसतो, स्वेटर चढवतो, रात्री गोधडीवर आणखी एक गोधडी ओढतो. घर तापवायची वेळ सहसा येत नाही. इथे डिसेंबरात लंडनला चार वाजायच्या आत सूर्य मावळतो, पडलंच तर ऊन नावापुरतं पडतं, आणि भिंती गार असल्या की अंगावर कितीही कपडे घातले तरी घरात बसवत नाही. घर तापवावंच लागतं. पण ते कसं तापवायचं हे कुणी शिकवत नाही. किल्ल्या देताना एजंट बॉयलरकडे बोट दाखवतो आणि निघून जातो.

ब्रिटनमधली बहुसंख्य घरं गॅसच्या बॉयलरवर आणि रेडिएटरवर तापतात, म्हणून हा लेख मुख्यतः त्या घरांसाठी आहे. नुकतेच आलेले विद्यार्थी, पहिल्यांदा घर भाड्याने घेतलेलं जोडपं आणि हिवाळ्यात ज्यांच्याकडे भारतातून आई-बाबा येणार आहेत अशी कुटुंबं मला लिहिताना डोळ्यांसमोर आहेत.

पंख्याचा रेग्युलेटर नव्हे

थर्मोस्टॅट बहुधा पुढच्या दारातून शिरल्यावरच्या पॅसेजमध्ये भिंतीवर असतो. त्याच्यावर २० लावलं म्हणजे आपण त्याला एवढंच सांगितलं, की इथली हवा २० अंशांना पोचेपर्यंत बॉयलर चालू ठेव, मग बंद कर. आपल्या हाताला मात्र पंख्याच्या रेग्युलेटरची सवय असते: आकडा वाढवला की जोर वाढतो. त्यामुळे बाहेरून कुडकुडत आलेला माणूस सरळ ३० वर नेतो. घर त्याने लवकर तापत नाही. साध्या थर्मोस्टॅटवर २० पर्यंत पोचायला जितका वेळ लागला असता तितकाच लागतो, फक्त बॉयलर २० ला थांबत नाही. तासाभराने घरात उकडायला लागतं, मग खिडकी उघडली जाते आणि पैसे देऊन तापवलेली हवा बाहेर जाते. घरात वाद होतात ते बहुतेक या एका गैरसमजातून.

मग आकडा कोणता? जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये घरांविषयी मार्गदर्शक तत्त्वं काढली. थंड प्रदेशात घरातलं तापमान १८ अंशांच्या खाली जाऊ देऊ नये, आणि म्हातारी माणसं, लहान मुलं, आजारी माणसं असतील तर त्याहून जास्त लागू शकतं, असं त्यांत सांगितलं आहे. धडधाकट माणसांना १८ ते २१ च्या दरम्यान कुठेतरी बरं वाटतं. नव्याने आलेल्यांनी २० पासून सुरुवात करावी आणि दर दोन-तीन दिवसांनी एक अंश खाली यावं. ज्या आकड्याला घरातलं कुणी शाल शोधायला लागेल, त्याच्या एक अंश वर थांबावं. तो तुमच्या घराचा आकडा. शेजाऱ्यांचा वेगळा असेल, कारण त्यांच्या भिंती वेगळ्या.

एकेका अंशाची किंमत समजून घेण्यासारखी आहे. घरातून उष्णता किती वेगाने बाहेर जाते हे आतल्या आणि बाहेरच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. बाहेर ६ अंश आणि आत २१ असेल तर फरक १५ चा. आत १८ ठेवलं तर फरक १२ चा, म्हणजे बाहेर जाणारी उष्णता एक पंचमांशाने कमी. तीन अंशांत एवढा फरक पडतो. दिवसभर हीटिंग मंद चालू ठेवलेलं स्वस्त पडतं हा समज का चुकीचा आहे तेही यावरूनच कळतं. घर जितके तास गरम, तितके तास ते बाहेर उष्णता टाकत राहणार. तुम्ही दोघंही दिवसभर कामावर असाल तर रिकामं घर तापवून काही साधत नाही. टायमर लावा: उठण्याच्या अर्धा तास आधी चालू, निघण्याच्या अर्धा तास आधी बंद, संध्याकाळी घरी पोचण्याच्या थोडं आधी पुन्हा चालू. रात्री धडधाकट माणसांना १५-१६ अंश पुरतात, पांघरूण असतंच. ज्यांच्याकडे हीट पंप आहे त्यांनी मात्र हा नियम लावू नये. तो पंप कोमट पाण्यावर हळूहळू घर तापवतो, त्यामुळे त्याला दिवसातून दोनदा बंद-चालू करण्यापेक्षा जवळपास एकाच तापमानावर चालू देणंच बरं.

आता रेडिएटरच्या बुडाशी असणारी गोल कळ, जिच्यावर १ ते ५ आकडे आणि एक चांदणी असते. हे आकडे त्या एका खोलीपुरते. ३ म्हणजे साधारण २० अंश, आणि चांदणी म्हणजे पाणी गोठू नये एवढीच ऊब, साधारण ७ अंश. इथेही ५ वर नेल्याने खोली लवकर तापत नाही, जास्त तापते. वापरात नसलेल्या खोलीत ही कळ १ किंवा २ वर ठेवून दार लावून घ्या. ज्या जागेत भिंतीवरचा थर्मोस्टॅट आहे तिथल्या रेडिएटरला मात्र सहसा अशी कळ नसते, आणि असली तर ती पूर्ण उघडी ठेवावी. नाहीतर तिथला रेडिएटर आधीच थांबतो, पॅसेज गारच राहतो, आणि थर्मोस्टॅट बॉयलरला चालूच ठेवतो. थर्मोस्टॅट बिनतारी असेल तर तो रेडिएटरवर, उन्हाच्या तिरिपेत किंवा टीव्हीच्या मागे ठेवू नका. त्याला तिथली खोटी ऊब लागते आणि बाकीचं घर गारठतं.

आणखी एक आकडा बॉयलरवरच असतो, आणि तिकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. कॉम्बी बॉयलरवर, म्हणजे नळाचं पाणीही जो थेट तापवतो त्यावर, दोन खुणा दिसतात, एक नळाची आणि एक रेडिएटरची. रेडिएटरची खूण म्हणजे बॉयलरमधून रेडिएटरकडे जाणारं पाणी किती गरम असावं. बसवताना ती अनेकदा ७० ते ८० अंशांवर सोडलेली असते. सध्याचे कंडेन्सिंग बॉयलर धुरातल्या वाफेचं पाणी करून तिच्यातली उष्णताही वापरतात, पण त्यासाठी रेडिएटरमधून परत येणारं पाणी सुमारे ५५ अंशांच्या खाली असावं लागतं. पाणी ८० ने पाठवलं तर ते परतताना बरंच गरम असतं आणि बॉयलरचा हा गुण वाया जातो. म्हणून ती खूण ६० च्या आसपास आणा. रेडिएटर हाताला पूर्वीइतका चटका देणार नाही, घर तापायला थोडा जास्त वेळ लागेल, पण गॅस कमी जळेल. कडाक्याच्या दिवसांत घर पुरेसं तापत नसेल किंवा घरात वयस्कर माणूस असेल तर खुशाल पुन्हा वाढवा. घरात गरम पाण्याची वेगळी टाकी असेल तर त्या टाकीचं तापमान मात्र ६० अंशांच्या खाली आणू नका. कोमट साठलेल्या पाण्यात लेजिओनेला नावाचे जंतू वाढतात.

एक काम स्वतः करायला शिकावंच, ते म्हणजे रेडिएटरमधली हवा काढणं. रेडिएटर खाली गरम आणि वर गार लागत असेल तर वरच्या भागात हवा अडकली आहे. हार्डवेअरच्या दुकानात त्याची छोटी पितळी चावी अगदी स्वस्तात मिळते. हीटिंग बंद करा, रेडिएटर निवू द्या. वरच्या कोपऱ्यात एक चौकोनी खिट्टी दिसेल. तिच्याखाली जुनं फडकं धरा आणि चावी घड्याळाच्या उलट दिशेला अगदी पाव वळसा फिरवा. सूं आवाज करत हवा सुटेल. आवाज बदलून पाणी ठिबकायला लागलं की लगेच घट्ट करा. पहिलं पाणी काळपट येतं, घाबरू नका, पण गालिच्यावर पडू देऊ नका, डाग जात नाही. मग बॉयलरवरचा दाब पाहा. थंड असताना तो १ ते १.५ बार असावा. कमी झाला असेल तर बॉयलरच्या पुस्तिकेत दाखवल्याप्रमाणे पाणी भरून घ्या. रेडिएटर वर गरम आणि खाली गार असेल तर आत गाळ साठला आहे, ते काम माणूस बोलावून करायचं.

थंडीपेक्षा ओल वाईट

ब्रिटनच्या हिवाळ्यात मराठी कुटुंबांचं सर्वांत जास्त नुकसान थंडीने होत नाही, ओलीने होतं, असं माझं ठाम मत आहे. थंडी लगेच जाणवते आणि आपण काहीतरी करतो. ओल कपाटामागे बसून असते. जानेवारीत कपाट हलवलं की भिंतीवर काळे ठिपके, कोंदट वास, आणि आतल्या साड्यांना बुरशी.

हे पाणी येतं आपल्याकडूनच: श्वासातून, आंघोळीतून, कुकरच्या शिट्ट्यांमधून, उघड्या पातेल्यात उकळणाऱ्या आमटीतून, आणि सर्वांत जास्त घरात वाळत घातलेल्या कपड्यांतून. वॉशिंग मशीनमधून काढलेल्या एका घाण्यातल्या कपड्यांतून दोनेक लिटर पाणी हवेत जातं. ते पाणी कुठे बसणार हे गणित सोपं आहे. खोलीत २० अंश आणि ६० टक्के आर्द्रता असेल, तर त्या हवेतल्या वाफेचं १२ अंशांच्या पृष्ठभागावर पाणी होतं. खिडकीची काच, बाहेरच्या भिंतीचा कोपरा, कपाटामागची भिंत इथे हिवाळ्यात १२ अंश सहज असतात. आर्द्रता ५० टक्क्यांवर आणली तर त्याच खोलीत पाणी धरायला पृष्ठभाग ९ अंशांइतका गार असावा लागतो. एवढ्या फरकाने कितीतरी भिंती वाचतात. म्हणून दहाएक पौंडांना मिळणारं आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र घ्या आणि आकडा ४० ते ६० च्या मध्ये राहील असं बघा.

इथे आपली कोकणी सवय आडवी येते. पावसाळ्यात बाहेरची हवा दमट, म्हणून खिडक्या लावून घ्यायच्या, हे आपल्याला लहानपणापासून माहीत. ब्रिटनच्या हिवाळ्यात ते उलटं आहे. ५ अंशांची हवा बाष्पाने पूर्ण भरलेली असली तरी तिच्यात एका घनमीटरला सातेक ग्रॅमच पाणी मावतं. २० अंशांच्या हवेत सतराहून जास्त मावतं. म्हणजे बाहेर रिपरिप पाऊस पडत असला तरी ती हवा आत येऊन तापली की तिची आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास भरते. बाहेरची हवा आपल्या घरातल्या हवेपेक्षा कोरडी ठरते. सकाळी समोरासमोरच्या खिडक्या पाच-दहा मिनिटं पूर्ण उघडा आणि बंद करा. एवढ्यात हवा बदलते, भिंती मात्र गार होत नाहीत. दिवसभर एक खिडकी किलकिली ठेवण्याने मात्र तिच्याभोवतीची भिंतच गार होत जाते.

स्वयंपाकघरात झाकण ठेवून शिजवा. कुकर उघड्या पातेल्यापेक्षा केव्हाही बरा. शेगडीवरच्या पंख्याकडे एकदा नीट पाहा. काही पंखे वाफ पाइपने घराबाहेर टाकतात, काही मात्र ती जाळीतून गाळून पुन्हा खोलीतच सोडतात. दुसऱ्या प्रकारचा पंखा फोडणीचा वास थोडाफार धरतो, वाफ अजिबात नाही. तसा असेल तर भात शिजताना खिडकी उघडी हवी आणि स्वयंपाकघराचं दार बंद हवं, नाहीतर ती वाफ सरळ सगळ्यात गार खोलीत, म्हणजे बहुधा निजायच्या खोलीत, जाऊन बसते. बाथरूमचा पंखा आवाज करतो म्हणून बंद करू नका. आंघोळीनंतर पंधरा-वीस मिनिटं तो चालू आणि दार बंद ठेवा.

कपडे रेडिएटरवर घालू नका. खोलीला मिळायची ऊब कपडे खातात आणि पाणी खोलीला देतात. वाळत घालायचा स्टँड बाथरूममध्ये ठेवा, दार लावा, पंखा लावा. बाथरूम लहान असेल तर एका खोलीत डीह्युमिडिफायर लावून दार बंद करा. हे यंत्र साधारण २०० ते ३०० वॅट वीज घेतं, त्यातून निघालेली उष्णता खोलीतच राहते, आणि टाकीत साठलेलं पाणी पाहिलं की हे सगळं आपल्या भिंतींत गेलं असतं हे डोळ्यांनी दिसतं. ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत आणि रोज कपडे निघतात, त्यांनी हिवाळ्यातली पहिली खरेदी हीच करावी.

कपाटं बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, चार बोटं जागा सोडा, आणि जमलं तर आतल्या भिंतीला लावा. अंधार पडला की जाड पडदे ओढा, पण ते रेडिएटरवर पडू देऊ नका, नाहीतर ऊब पडदा आणि काच यांच्यामध्ये अडकते. दाराखालच्या फटीला कापडाची गुंडाळी, पत्रपेटीच्या फटीला ब्रश, वापरात नसलेल्या चिमणीला बोळा, एवढ्याने गार वारा बराच थांबतो. खिडकीच्या वरच्या चौकटीतल्या बारीक झडपा आणि भिंतीतल्या जाळ्या मात्र बुजवू नका, त्या हवेसाठीच आहेत. बुरशीचा छोटा डाग हातमोजे घालून, खिडकी उघडून, बुरशीच्या औषधाने पुसा. ब्लीच वापरलं तर त्यात दुसरं कोणतंही साफसफाईचं औषध मिसळू नका. डागावर रंग मारून काही होत नाही.

बुरशी ही दिसायला वाईट एवढ्यावर सोडून देण्याची गोष्ट नाही. रॉचडेलमध्ये डिसेंबर २०२० मध्ये अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा गेला. घरातल्या बुरशीत बराच काळ राहिल्याने झालेल्या श्वसनविकाराने तो गेला, असा निष्कर्ष २०२२ मध्ये मृत्यू-चौकशीत निघाला. त्याच्या आईवडिलांनी तक्रारी केल्या होत्या. त्याच्या नावाचा कायदा इंग्लंडमधल्या सामाजिक घरांना, म्हणजे काउन्सिल आणि हाउसिंग असोसिएशनच्या भाड्याच्या घरांना, ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. तातडीचा धोका असेल तर घरमालक संस्थेने २४ तासांत हालचाल करायची आणि गंभीर ओल-बुरशी असेल तर दहा कामाच्या दिवसांत तपासणी करायची. खासगी भाडेकरूंनाही हक्क आहेत. इंग्लंडमध्ये हीटिंग आणि गरम पाण्याची सोय चालू स्थितीत ठेवणं ही १९८५ च्या कायद्याने घरमालकाची जबाबदारी आहे. फोनवर बोलून सोडू नका. तारखेसह फोटो जोडून ईमेल करा, आणि दाद मिळाली नाही तर काउन्सिलच्या पर्यावरण-आरोग्य विभागाकडे जा. भाडेकरू म्हणून नवे आलेले आपले लोक घरमालक नाराज होईल म्हणून गप्प बसतात. लहान मूल घरात असताना तरी तसं करू नका.

घर बघायला जाल तेव्हा कोपऱ्यांत, खिडकीच्या चौकटीत, कपाटामागे नजर टाका, आणि घराचं ऊर्जा प्रमाणपत्र मागा. त्यावर ए ते जी अशी अक्षरं असतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये भाड्याच्या घराला, काही अपवाद सोडले तर, किमान ई दर्जा लागतो. भाडं दरमहा थोडं जास्त पण दर्जा सी, असं घर हिवाळ्यात अनेकदा स्वस्त पडतं.

आई-बाबा आणि बाळ

आई-बाबा बहुधा बाळंतपणासाठी येतात, आणि बाळ हिवाळ्यात व्हायचं असेल तर तेही हिवाळ्यातच येतात. वयस्कर माणसाला थंडी बाधते ती नुसत्या कुडकुडण्याने नाही. गारठ्यात रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि छातीचे आजार यांचा धोका वाढतो. त्यामुळे ते असतात तोवर घर दिवसा २०-२१ आणि त्यांची निजायची खोली रात्रीही १८ च्या खाली जाणार नाही, असं ठेवा. बिल वाढेल. ते वाढू द्या, आणि त्यांना तसं स्पष्ट सांगा. मुलाच्या पैशाचा विचार करून थर्मोस्टॅटला हातही न लावणारे, तुम्ही कामावर गेल्यावर हीटिंग बंद करून दिवसभर शाल लपेटून सोफ्यावर बसणारे आई-बाबा ही इथली नेहमीची गोष्ट आहे. "आई, हे असंच चालू राहू दे, मी तसं लावून ठेवलंय" एवढं सांगून, टायमर लावून, बटणांच्या भानगडीतून त्यांना मोकळं करा. त्यांच्या खोलीत आकडे मोठे दिसतील असा तापमापक ठेवा.

अंगावर एक जाड स्वेटर घालण्यापेक्षा दोन-तीन पातळ थर बरे. आत अंगालगतचा थर्मल, वर कॉटन, वर लोकर. घरात सपाता आणि मोजे घालायला लावा, अनवाणी चालायची सवय इथल्या फरशीवर झेपत नाही. तासातून एकदा उठून फिरू द्या. रात्री गरम पाण्याची रबरी पिशवी द्यायची असेल तर पाणी उकळतं नको, पिशवीवर कापडी खोळ हवी, आणि पिशवी जुनी नको. तिच्या गळ्याजवळ पाकळ्यांच्या फुलासारखा शिक्का असतो, त्याच्या मधोमध ती बनली ते वर्ष कोरलेलं असतं. दोन-तीन वर्षांपेक्षा जुनी पिशवी फुटू शकते, टाकून द्या. विजेचं ब्लँकेट वापरत असाल तर ही पिशवी त्याच्यासोबत ठेवू नका.

बाळाच्या बाबतीत आजीची माया आणि इथली रीत यांचा पेच पडतो. आजीने आणलेली कुंची, टोपडं, दुपटी, वर गोधडी. ब्रिटनमध्ये बाळांच्या सुरक्षित झोपेसाठी काम करणारा ललबाय ट्रस्ट बाळाच्या खोलीचं तापमान १६ ते २० अंश ठेवायला सांगतो. एवढंच का, असं आजीला वाटणं साहजिक आहे. पण तापवलेल्या बंद घरात बाळाला जास्त धोका गुदमरण्याचा आणि अंग जास्त तापण्याचा असतो. बाळ आपली बरीचशी उष्णता डोक्यावाटे टाकतं, म्हणून घरात झोपवताना टोपडं नको. सैल पांघरूण, गोधडी, उशी नको, मापाची झोपायची पिशवी वापरावी. बाळाला थंडी वाजतेय का हे हातपाय चाचपून कळत नाही, ते गारच असतात. मानेमागे किंवा छातीवर हात ठेवून पाहा. तिथे घाम असेल तर एक थर काढा. आजींना हे सुनेने सांगण्यापेक्षा घरी येणाऱ्या हेल्थ व्हिजिटरकडून ऐकवलं तर बरं पडतं. ती आली की त्यांना शेजारी बसवून घ्या.

आणि शेकशेगडी. निखाऱ्यावर ओवा, शेपा टाकून बाळ-बाळंतिणीला शेक द्यायचा ही आपल्याकडची जुनी रीत, पण ती हवेशीर घरातली. इथल्या बंद घरात निखारे पेटवू नका, शेगडीत नाही, घमेल्यात नाही, बार्बेक्यूच्या ट्रेमध्ये नाही, खिडकी उघडी ठेवूनही नाही. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि तो मिनिटांत माणूस मारतो. आंघोळीच्या अर्धा तास आधी खोलीचं हीटिंग वाढवा, टॉवेल गरम करून ठेवा, बाळंतिणीच्या पाठीला खोळ घातलेली गरम पिशवी द्या. शेकाचं सगळं सुख त्यात येतं.

हाच वायू बिघडलेल्या बॉयलरमधूनही येऊ शकतो. घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. इंग्लंडमध्ये बॉयलर असलेल्या खोलीत तो लावणं १ ऑक्टोबर २०२२ पासून घरमालकाला सक्तीचं आहे. महिन्यातून एकदा त्याचं बटण दाबून आवाज तपासा. घरातल्या अनेकांना एकाच वेळी डोकेदुखी, मळमळ, चक्कर येत असेल आणि बाहेर गेल्यावर बरं वाटत असेल तर ती सर्दी समजू नका. बॉयलर बंद करा, खिडक्या उघडा, बाहेर पडा. गॅसचा वास आला किंवा या वायूची शंका आली तर ०८०० १११ ९९९ हा राष्ट्रीय आपत्कालीन क्रमांक चोवीस तास चालू असतो. बॉयलरला हात लावू द्यायचा तो फक्त गॅस सेफ नोंदणी असलेल्या माणसाला. त्याचं ओळखपत्र मागून पाहायला संकोच करू नका.

विजेचा हिशेब

इथे विजेचं युनिट गॅसच्या युनिटच्या सुमारे चौपट महाग आहे. २ किलोवॅटचा पंख्याचा हीटर तासाला दोन युनिटं खातो, २०२५ च्या दरांनी साधारण ५० पेन्स. एका खोलीत तासभर बसायचं असेल तर चालेल, पण आठवडाभर रोज संध्याकाळी चालवला तर गॅसचं हीटिंग स्वस्त पडलं असतं. तेलाचा, काचेचा, "जादूच्या" जाहिरातीतला, कोणताही साधा विजेचा हीटर एका युनिटमधून एका युनिटचीच ऊब देतो. महागडा घेऊन बचत होत नाही. अंगालाच ऊब हवी असेल तर १०० वॅटचं विजेचं ब्लँकेट तासाला तीनेक पेन्समध्ये भागवतं. अभ्यासाला बसणाऱ्या विद्यार्थ्याला यापेक्षा स्वस्त ऊब मिळणार नाही. हीटर एक्स्टेन्शनच्या वायरला लावू नका, त्याच्यावर कपडे वाळवू नका, पडद्यापासून आणि समईपासून हातभर लांब ठेवा.

फ्लॅटमध्ये रात्री स्वस्त विजेवर तापणारे जाड स्टोरेज हीटर असतील तर त्यांच्यावर दोन कळा असतात: रात्री किती ऊब साठवायची आणि दिवसा किती सोडायची. झोपताना आणि घराबाहेर पडताना सोडायची कळ पूर्ण कमी करा, नाहीतर साठवलेली ऊब दुपारपर्यंत संपते आणि संध्याकाळी घर गार पडतं.

ऊर्जा नियामक ऑफजेमची किंमत-मर्यादा युनिटच्या दरावर असते, तुमच्या एकूण बिलावर नाही. जास्त वापरलं तर बिल वाढणारच. बिल झेपत नसेल तर हीटिंग तोडायच्या आधी कंपनीला फोन करा, हप्ते पाडून मिळतात. सरकारी मदतीच्या योजनांबद्दल एक सावधगिरी: नोकरीच्या किंवा विद्यार्थी व्हिसावर बहुतेकांना सार्वजनिक निधीचा हक्क नसतो, म्हणून कुणाच्या सांगण्यावरून अर्ज भरण्याआधी व्हिसाच्या अटी वाचा.

डिसेंबरात भारतात जाताना

लग्नसराईसाठी किंवा मुलांच्या सुट्टीत तीन-चार आठवडे घर बंद ठेवून जायचं असेल तर हीटिंग पूर्ण बंद करून जाऊ नका. पाइपमधलं पाणी गोठलं तर ते फुगून पाइप फोडतं, आणि बर्फ वितळला की छतातून पाणी कोसळायला लागतं. थर्मोस्टॅट १० ते १२ अंशांवर ठेवा. पोटमाळ्याची झडप थोडी उघडी ठेवा, म्हणजे खालची ऊब वरच्या पाइपांपर्यंत जाते. विमा असेल तर घर किती दिवस रिकामं ठेवता येतं आणि तेव्हा हीटिंगबद्दल काय अट आहे ते वाचा. पाणी बंद करायचा मुख्य कॉक बहुधा स्वयंपाकघरातल्या सिंकखाली असतो. तो फिरतो का हे जायच्या आधी पाहा, जुने कॉक जाम झालेले असतात. शेजाऱ्याला किंवा मित्राला चावी द्या आणि तो कॉक कुठे आहे तेही दाखवून ठेवा.

परत आल्यावर बॉयलर चालू होत नसेल आणि आतून गुडगुड आवाज येत असेल, तर बॉयलरमधून बाहेर जाणारी बारीक प्लास्टिकची नळी गोठलेली असण्याची शक्यता आहे. ती बाहेरच्या भिंतीवरून नाल्यात जाते. हाताला पोचत असेल तर तिच्यावर कोमट पाणी हळूहळू ओता. उकळतं नको, नळी तडकते. मग बॉयलरवरचं रीसेटचं बटण दाबा आणि दाबाचा काटा एकच्या वर आहे ना ते पाहा. खाली गेला असेल तर पाणी भरा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खाली आलेला दिसला तर कुठेतरी गळती आहे, त्याच दिवशी माणूस बोलवा.